शेवटचा नट

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय जितेंद्र परब, व्यासपीठावरचे सत्कारमूर्ती आग्नेल मेस्त्री, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी फेलिसिदाद मावशी, कसाल बाजारातले व्यापारी, रिक्षावाले, आणि ज्यांची गाडी कधी ना कधी मेस्त्रींच्या हाताखालून गेली आहे असे, म्हणजे सभागृहातले बहुतेक सगळेच! आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मी अनुजा, तोंडवलीच्या सत्यवान तांडेलांची मुलगी. यंदा बी.एस्सी. झाले. घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे 'तूच बोल' असं सगळ्यांनी ठरवलं. पण मी बोलणार आहे ते कॉलेजात शिकलेलं नाही.

आमच्याकडे एक पन्नास सीसीची लहानशी मोटारसायकल होती. बाबा मला टाकीवर बसवून शाळेत सोडायचे. मी दुसरीत असताना ती बंद पडली. मेस्त्रींनी बाबांना बजावलं होतं, "सत्यवान, खोलू नको. माझ्याकडे घेवन ये." बाबांनी खोलली. सुटी झाली, जुळेना. मग सगळे भाग पिंपात भरले आणि गंज नको म्हणून वर ओतलं, काय ओतलं असेल? होडीला लावतात ते माशाचं तेल!

त्यानंतर पंधरा वर्षं बाबा मेस्त्रींच्या गॅरेजसमोरून गेले नाहीत. कसालला एसटी बदलायची वेळ आली, तर भर उन्हाळ्यात छत्री उघडून तोंड लपवायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "आता खंयच्या तोंडान जाव?"

मेस्त्री गॅरेज बंद करून मडगावला लेकीकडे, सबीनाताईकडे राहायला जाणार, हे मे महिन्यात कळलं. बाबांना न सांगता मी ते पिंप टेम्पोत घातलं आणि गॅरेजात आणलं. झाकण उघडताच मेस्त्री दोन पावलं मागे सरले आणि हसत सुटले. "बापाशीन तुझ्या मोटारसायकलीची होडी केल्यान काय गो?" तेल लाखेसारखं घट्ट झालं होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात बाजारातली सगळी मांजरं.

आठ दिवस भाग रॉकेलमध्ये भिजत ठेवले. मी ब्रशने घासायची, मेस्त्री शेजारी बसून प्रत्येक भागाचं नाव सांगायचे. उलटं बसवलं की ओरडायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "घाई कोणाक आसा? माका नाय, तुका आसा." दोन महिन्यांत इंजिन उभं राहिलं. क्लचच्या तारा नव्या आल्या, टाकीला जुनाच निळा रंग दिला.

उरला एक नट. मी पाना उचलला, तर मेस्त्रींनी हात धरला. त्यांच्या गॅरेजचा नियम आपल्याला माहीत असेलच: "जेना खोलल्यान, तेनाच शेवटचो नट आवळूचो. तोपर्यंत किक मारूची नाय." गॅरेज बंद व्हायला चार दिवस होते. बाबा आले नाहीत, तर गाडी तशीच राहणार होती. आणि खरं सांगते, गाडीपेक्षा मला बाबांची ती छत्री मिटायला हवी होती.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं. बाबा जेवले नाहीत. सकाळी मात्र शर्ट इस्त्री करून तयार! पण गॅरेजच्या दाराबाहेरच थांबले. शेवटी फेलिसिदाद मावशींनी हाक मारली, "सत्यवान, भायर कित्याक उभो रे? च्या निवता."

मेस्त्रींनी त्यांच्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "ह्या खाऱ्या वाऱ्यात लोकांच्या गाड्यो दोन पावसात गंजतत. तुझे भाग तेलाखाली नवे कोरे. मी हसलंय ता माझा चुकला. गाडी तूच वाचवलंस."

बाबांनी नट आवळला. अकराव्या किकला गाडी सुरू झाली. मेस्त्री टाळ्या वाजवत होते, मी रडत होते. आणि बाबा? मेस्त्रींचे आभार मानायचे विसरून, मला तिथेच ठेवून गाडीवर बसून घरी गेले. माझी एसटी चुकली ती चुकलीच.

मेस्त्री, तुम्ही मला हातात पाना धरायला शिकवलंत. मावशी, तुम्ही रोज दुपारी मला जेवायला वाढलंत. या दोन्हीबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर मुलगी समजून पोटात घाला.

आणखी एका माणसासाठीही आत्ताच माफी मागून ठेवते, कारण तो आयुष्यात कधी माइकसमोर उभा राहिलेला नाही. काल रात्री मी त्यांच्या वतीनेही मेस्त्रींचे आभार माझ्या कागदावर लिहून घेत होते. त्यांनी कागद ओढून घेतला आणि म्हणाले, "ता माझा मीच उद्या सांगतलंय."

बाबा, येवा.