आभाळ दिसेल असा मांडव

सन्माननीय अध्यक्ष मोझेस पेणकर साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती झिराडकर सर आणि त्यांच्या पत्नी सेगुलाबाई, कारखान्याच्या वसाहतीतले आणि आकुर्डीहून मुद्दाम आलेले बंधुभगिनींनो, आणि मला पाहून आत्ताच हसू लागलेल्या शाळेतल्या माझ्या मुलांनो,

मला भाषणाची सवय नाही. शाळेत मी उशिरा गेले. त्याआधी वडिलांनी तांदळाच्या ताटात बोट फिरवून मला इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरं शिकवली. तेव्हा चूक झाली की ताट हलवलं, संपलं. इथे काय हलवणार?

सर पुढच्या आठवड्यात बोटीने इस्रायलला निघत आहेत. आपली रविवारची इब्री शाळा कोण चालवणार, असं सरांच्या हाताखाली मदत करणाऱ्या मला कमिटीने दोनदा विचारलं. कुणी पुढे आलं नाही तर शाळा बंद करायची असं ठरलंय. मी म्हटलं, समारंभात सांगते. ते सांगायचं आहेच. पण आधी एक बैल मध्ये येतो. अध्यक्षमहाराज, क्षमा असावी.

सरांची रीत आपल्याला ठाऊक आहे. सण वाचायचा नाही, हातांनी करायचा. शब्बाथचं, म्हणजे आपल्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचं, मनुकांचं शरबत मुलांनीच पिळायचं, मग भिजवलेल्या मनुका निम्म्या पोटात गेल्या तरी चालेल. नवसाच्या मलिद्याचा नारळ मुलांनीच खवायचा. त्याच रीतीने एका वर्षी सुक्कोथचा, म्हणजे मांडवांच्या सणाचा, मांडव मुलांनी घातला. भिंतींना आयांची लुगडी, छताला उसाचे हिरवे वाढे. उंची मुलांना पुरेल एवढीच. सर आत रांगत जात.

या मांडवाचा एक नियम आहे. छत विरळ हवं, आतून आभाळ दिसायला हवं. आणि सूर्य मावळून सण लागला की काही तोडायचं-जोडायचं नाही.

वाढे बैलगाडीतून आणून दिले होते आकुर्डीचे शेतकरी ज्योतीरामभाऊ यांनी. मुलं जेवायला गेली तेव्हा भाऊंनी मांडव पाहिला. पोरांची मेहनत आणि असलं विरळ काम! त्यांना कीव आली. आणखी एक भारा आणून, दुपारभर घाम गाळून, त्यांनी छत असं घट्ट भरून काढलं की मुंगीलाही वाट उरली नाही.

"गुरुजी, आता आभाळ फाटू द्या," ते म्हणाले, "माज्या हातचा मांडव गळायचा न्हाई."

सर आत गेले, चटईवर उताणे झाले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आत काळोख. मी कुजबुजले, सर, भाऊंना सांगा ना. सर म्हणाले, परक्याच्या सणासाठी राबलेल्या माणसाला चुकलं म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? ऊन लुगड्यांवरून खाली उतरत होतं आणि मी रडायच्या बेतात होते. आपल्यापैकी कुणाला सुचलं असतं काही?

सुचलं ते हौशाला. हौशा म्हणजे भाऊंचा बैल. गाडीला बांधलेला कासरा त्याने केव्हा सोडवला, देव जाणे. शांतपणे आला, मान वर केली आणि आमचं छत खाऊ लागला. एका कोपऱ्यात ताटाएवढं आभाळ उघडलं. मुलांनी टाळ्या पिटल्या. भाऊ चाबूक घेऊन धावले, सर आडवे आले.

"मारू नका त्याला. त्याने आमचा सण वाचवला."

मग सरांना सगळं सांगावंच लागलं. भाऊंनी चाबूक खाली टाकला. "आदी सांगायचं न्हाई व्हय, गुरुजी? म्या काय परका हाय?"

आणि माझं मन पाहा. सगळे हसत होते, मला नवीच काळजी. विचारलं, सर, भोक बैलाने पाडलंय, मांडव तर माणसाने करायचा असतो, मग हे चालेल का?

सर म्हणाले, "नाही चालणार, मिलका. बैलाने सुरुवात केलीय, पुरं आपल्याला करायचंय. घाला हात."

भाऊंनी एकेका मुलाला खांद्यावर घेतलं, मुलांनी वरून वाढे उपसले, खाली हौशाने ते आनंदाने संपवले. सूर्य बुडाला तेव्हा छताला हवी तेवढी भोकं होती. त्या रात्री चटईवर पडून मुलांनी चांदण्या पाहिल्या. भाऊसुद्धा आमच्यात आडवे झाले होते, छताकडे बघत म्हणत होते की, असलं वाईट काम आपण जन्मात केलं न्हाई.

आता कमिटीला उत्तर. मला अजून भीती वाटते. मी सर नाही. पण सर, सुरुवात झालेलं काम पुरं आपल्याला करायचं असतं, हे तुम्हीच सांगितलंत. येत्या रविवारी शाळा भरेल. मी घेईन.

अरे देवा. म्हणजे मी सरांना हौशाच्या जागी बसवलं की काय! सर हसताहेत, म्हणजे निभावलं.

सर, सेगुलाबाई, तुमचा प्रवास सुखाचा होवो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलताना मान राखायला कुठे कमी पडले असेन तर लेक समजून पोटात घाला. आणि मागच्या बाकावरच्या ज्योतीरामभाऊ, यंदाही मांडवाला या. फक्त हौशाला घरी बांधून या. भोकं ठेवायला आम्ही आहोत.