मशीनमधला पहिला नंबर

...आणि काम काय, तर एक सेल बदलायचा होता. तुम्हाला सांगते, करंगळीच्या पेराएवढा सेल, पण त्यानं मला दोन महिने रडवलं.

आमच्या फुलचूरच्या घरी चोराची मशीन आहे, बिनवायरची. समोरच्या दाराला एक पांढरी डबी, मागच्या दाराला एक, धान ठेवतो त्या खोलीत भिंतीवर एक डोळा, आणि बैठकीत मोठी मशीन, तिच्या पोटात सिमकार्ड. दार उघडलं की भोंगा वाजते आणि मशीन आपल्या मनानं फोन लावते. आधी पहिल्या नंबरला, त्यानं नाही उचलला तर दुसऱ्याला. आठ वर्षांआधी गल्लीत चोरी झाली, तेव्हा धर्मेंद्रच्या बाबांनी नागपूरहून आणली होती. पहिला नंबर त्यांचा, दुसरा धर्मेंद्रचा, म्हणजे आमच्या मुलाचा.

आता घरच्या माणसानं आधी रिमोटचं बटण दाबायचं आणि मग दार उघडायचं, अशी त्या मशीनची रीत. पण मी दाबतच नव्हती. हसू नका, काऊन दाबू? मी आमगावला माहेरी जायची, गाडीनं परत यायची, हे बिरसीला शेतावर, बायको घरी पोचली की नाही याची दिवसभर काळजी, आणि फोन करून दोन शब्द विचारायचे तर बांधावर चार माणसं उभी, माणसाला लाज... मग मी काय करायची, सरळ दार उघडायची. भोंगा बोंबलायचा, मशीन त्यांना फोन लावायची, ते उचलायचे आणि काही न बोलता ठेवून द्यायचे. समजलं त्यांना, पोचली. मग मी भोंगा बंद करायची. सात वर्षं असंच चाललं हो. शेजारची प्रेमिला भोंगा ऐकून सुनेला सांगायची, "सुमित्राबाई आल्या, चहा मांड." खरा चोर आला असता ना, तर त्यालाही चहा मिळाला असता.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी हे गेले. सकाळी निंदणाला बाया सांगून आले, अंघोळ केली, छातीत दुखते म्हणाले, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

त्यांचा फोन मी कपाटात ठेवला, त्यांच्या सदऱ्यांखाली. चार्ज मात्र करत राहिली. कायले करतेस, असं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. महिन्यानं भाऊ मला आमगावला घेऊन गेला, मी परत आली, आणि हाताची सवय, बटण न दाबता दार उघडलं. भोंगा सुरू झाला. आणि आत कपाटात फोन वाजून राहिला... मी उंबऱ्यात उभी, हातात पिशवी. वाजून वाजून थांबला, आणि मशीननं दुसरा नंबर लावला.

लगेच माझ्या फोनवर नागपूरहून धर्मेंद्र, "आई, मीटिंगमध्ये आहो मी. घरात कोण शिरलं?"

"मीच शिरली रे."

"मग बटण काऊन नाही दाबत?"

आता काय सांगू त्याला? म्हटलं, "रिमोटचा सेल गेला वाटते."

"मग बदल ना आई. एक सेल तर बदलायचा आहे."

खोटं बोलली म्हणून की काय, पंधरा दिवसांनी मशीन खरंच टुकटुक करायला लागली. पोळ्या लाटताना टुक, देवापुढे बसली की टुक, डोळा लागला की टुक. मी दुकानात गेली, सेल मागितला, त्यानं भिंतीवरच्या घड्याळाचा दिला, परत गेली, रिमोटचा आणला, डब्यांचे आणले, स्टुलावर चढून धानाच्या खोलीतल्या डोळ्यात चौकोनी सेल घातला, गुडघा धरून खाली उतरली, पदरानं घाम पुसला, आणि... टुक. एक सेल तर बदलायचा होता, मी चार बदलले.

मग गुलाबचंदभाऊंना बोलावलं. वयस्कर मिस्त्री आहेत, पंखे, इन्व्हर्टर, सगळं पाहतात. त्यांनी भिंतीवरची मशीन उघडली. "भाभीजी, सेल का नहीं, अंदर की बॅटरी का मामला है. फूल गई है. निकालूंगा तो सब नंबर उड जाएंगे, पुराना माल है. फिर से डालने पडेंगे."

मी म्हटलं, "मग राहू द्या."

"राहू द्या? अरे, एक दिन बंद पड जाएगी."

"पडू द्या."

कारण धर्मेंद्रनं आधीच सांगून ठेवलं होतं, नंबर टाकायची वेळ आली तर बाबांचा काढ, माझा पहिला टाक, कपाटात वाजून काय फायदा? बरोबरच आहे त्याचं. मला कुठं कळत नाही? पण नंबर आपोआप होता तोवर होता, आता आपल्या तोंडानं सांगायचा की नाही सांगायचा, हे माझ्यावर आलं ना.

महिनाभर मी ती टुक ऐकत काढला. मग एका दुपारी लाइट गेली, मशीन मेली. मी बाजारातून आली, दार उघडलं. भोंगा नाही, कपाटात काही नाही. प्रेमिलाकडंही सामसूम. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, खाटेवर बसली. तुम्हाला सांगते, मी घरी पोचली होती आणि जगात कोणालाच ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुलाबचंदभाऊंनी नवी बॅटरी बसवली. "हां, पहला नंबर बोलिए."

मी बोलली. दहाही आकडे, न अडखळता. त्यांनी टाकले, दुसरा धर्मेंद्रचा टाकला, दार उघडून पाहिलं. भोंगा वाजला, आणि कपाटात फोन वाजला. ते स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तसेच उभे.

"भाभीजी... ये तो भाईसाब का."

"हो."

"उठाएगा कौन?"

"मी."

त्यांनी मशीन पुन्हा उघडली, आत काहीतरी करून राहिले. मग म्हणाले, "रिंग का टाइम दुगना कर दिया. आपके घुटने के हिसाब से."

आता असं आहे. दार उघडते, भोंगा वाजते, चप्पल पायातच, मी कपाटाकडे धावते, धर्मेंद्रला लागायच्या आत फोन उचलते, काही बोलत नाही, ठेवून देते. मग भोंगा बंद करते. तो खूश आहे, त्याला वाटते आई बटण दाबायला शिकली. सगळे म्हणतात, सुधारली मशीन. सुधारली काय हो... आधी घरी मी यायची आणि फोन ते उचलायचे. आता दोन्ही कामं माझ्याचकडे आली, एवढंच.