टोचलेलं नाक

परळच्या दवाखान्यात लशीच्या रांगेत बसलेल्या वासंतीचं बाळ एकदाचं झोपलं होतं. शेजारी वरळीच्या दोन कोळणी, नणंद-भावजय, कुजबुजत होत्या; म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू येईल इतकंच.

“आक्का, माझ्या चंदूला पोरगे आवडतात ते माझ्यामुळंच. आधीची दोन पोरं गेली, मग दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाक टोचलं, परकर नेसवला. त्यानंच तो असा झाला.”

“वेडी काय गो! तुझ्या नवऱ्याचं पण नाक आमच्या आयनं टोचलेलं. पाच वर्षांचा होईस्तो परकरात फिरला माझा भाऊ. त्याचं काय बिघडलं?”

“काय नाय.”

“चार वेळा पाळणा हलला तुझ्या घरात!”

“हळू गो, आक्का!”

“बरं, तुला आमचा म्हादेव आवडायला कुणी शिकवलं?”

“कोण शिकवील? तो होडीतून उतरला आणि मी बघतच राहिले. डोक्यावरची पाटी पडली.”

“मग चंदूची पण पडली असेल.”

वासंतीनं हसू दाबायला बाळाच्या टोपड्यात तोंड खुपसलं.

“चंदू उद्या त्याच्या त्या अरविंदला घरी जेवायला आणतो म्हणतोय. नको म्हणून सांगणार होते.”

“मग?”

“आक्का, तो बामणाघरचा. कोलंबी खाईल काय गो?”