मुठीतला गंज

आमच्या नातीचं बारसं नेदरलँड्समधल्या झूटरमेरला झालं, त्या २०२३ सालची ही गोष्ट. नोव्हेंबरात ट्रामने हेगहून परतत होतो. पुढे एक मराठी जोडपं बसलं होतं. बाईच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं लांबट काही होतं. बोलण्यावरून कळलं, ती आखूड जपानी तलवार होती.

“मीनल, घडवणाऱ्याची सही नसली तरी अस्सल आहे म्हणाले ते तज्ज्ञ. चारशे वर्षांची.”

“कशावरून ठरवलं?”

“मुठीच्या आत दडलेल्या पात्याच्या टोकावरच्या काळ्या गंजावरून. तो घासला असता तर कोणालाच वय सांगता आलं नसतं.”

“आणि तू मूठ काढून ठेवलीस, तर दसऱ्याला आई इथे होत्या तेव्हा तो घासायला बसल्या होत्या. गंजकं शस्त्र पूजेत चालत नाही म्हणे.”

“मग थांबली कशी?”

“घरात चिंच नव्हती. मी लिंबू दिलं, तर म्हणाल्या, लिंबाने नाही निघत, राहू दे. नुसतं फूल वाहिलं.”

“आईचा हट्ट पहिल्यांदाच कामी आला.”

“हसू नकोस, शिरीष. आज फोनवरून पाया पडणार आहे मी त्यांच्या.”

“आधी विमकाकांकडे. त्यांच्या वडिलांनी खोटी तलवार आणली म्हणून जन्मभर लोक हसले त्यांना. आपल्याला देतानाही म्हणाले, खोटी निघाली तर मला सांगू नका.”

“जागे असतील ना?”

“नसले तर उशाशी बसून राहू. शेजारी म्हणून त्यांनी आपलं काय कमी केलंय?”

अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवतात, त्या हॉस्पिसच्या स्टॉपवर ते उतरले.

पुढे मीनल मंदिरात भेटली. विमकाकांना त्याच संध्याकाळी सांगून झालं होतं. ते त्याच आठवड्यात, रविवारी पहाटे वारले.