पाटाच्या कडेनं सहा किलोमीटर

निकिता : आई, ब्रेक! पुढे वाटेत म्हैस बसलीय.

कुसाबाई : दिसतेय गं. तिला उठायची घाई नाही, आपल्याला पोचायची नाही. उतर, थोडं चालू.

निकिता : उतरायचं कशाला? बाजूनं निघेल की सायकल.

कुसाबाई : बाजूला पाट आहे आणि पाणी सुटलंय. पडलीस तर सरळ कोपरगावला निघशील.

निकिता : बरं बाई, उतरले. पाय दुखतायत का तुझे? खरं सांग. काल नाशिकरोडपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत चाळीसेक किलोमीटर झालं आपलं.

कुसाबाई : सगळी सपाट जमीन. त्यात काय दुखायचंय? बसायची जागा दुखतेय, ती तुझ्या या सीटमुळे. आमच्या सायकलीला स्प्रिंगची सीट असायची. आणि हे गिअर! सारखा माणसाला काहीतरी निर्णय घ्यायला लावतात.

निकिता : गिअर बदलूच नकोस मग.

कुसाबाई : नाहीच बदलले. कालपासून एकाच गिअरवर आहे.

निकिता : आई! काल चांदोरीला नदीवरून वर येतानापण?

कुसाबाई : आले ना वर? तू नदीतल्या देवळांचे फोटो काढत बसलीस, तोवर माझा चहा पिऊन झाला होता. सायखेड्यातपण तेच. एका जुन्या दरवाजासमोर अर्धा तास. घरातल्या माणसांना वाटलं, घर विकत घ्यायला आलेत.

निकिता : दरवाजाच तसा होता. चल, म्हैस गेली मागे. बस आता सायकलवर. एक विचारू?

कुसाबाई : विचार. चालवताना माझ्याकडे बघू नकोस फक्त.

निकिता : तुला ही वाट पाठ आहे. मघाशी म्हणालीस, पुढे पाटाचं लोखंडी दार येईल, तर आलं. मग म्हणालीस, उजवीकडे चिंच आहे, तर चिंच आली. तू या भागात नर्स होतीस एवढं मला माहीत होतं. पण इथं यायचीस कशानं?

कुसाबाई : सायकलनं.

निकिता : गेल्या वर्षी मी तुझ्यासाठी सायकल आणली, तेव्हा मला वाटलं तुला शिकवावी लागेल. तू पदर खोचलास आणि निघून गेलीस कॉलनीला चक्कर मारायला. मी विचारलं तर म्हणालीस, लहानपणी यायची.

कुसाबाई : नऊ वर्षं चालवली मी या पाटावर. बावीस वस्त्या होत्या माझ्याकडे. कॅरिअरला लशीचा डबा, हँडलला बॅग. पावसाळ्यात चिखलानं मडगार्ड गच्च व्हायचं, काडीनं उकरत बसायचे. बाकीचे आठ महिने मात्र झकास. एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस. तेव्हा द्राक्षं एवढी नव्हती.

निकिता : मग सोडली का? कळवणला राहायला गेल्यावर तू सगळीकडे पायी नाहीतर एसटीनं जायचीस. मला सायकल बाबांनी शिकवली. तू दारातसुद्धा येऊन उभी राहिली नाहीस.

कुसाबाई : थांब जरा. निकिता, थांब.

निकिता : काय झालं? चक्कर येतेय का?

कुसाबाई : नाही. इथून मागे फिरू या.

निकिता : निफाड आठ किलोमीटरवर आलंय आणि मागे? सायकल धर, मी पाणी देते. बस इथे भरावावर.

कुसाबाई : ही खाली गेलेली वाट दिसते? केळीपर्यंत. तिथे एक वस्ती आहे. आणि पुढे पाटावर पूल दिसतोय?

निकिता : दिसतोय.

कुसाबाई : एक्क्याण्णव सालचा जानेवारी. तू तीन वर्षांची होतीस. या वस्तीवर गोजरा म्हणून सून होती, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. नववा महिना. मी लशी द्यायला आले होते, तर भागीबाई म्हणून शेजारीण पळत आली. गोजराला अंगावरून जात होतं. साधं नाही. खालची गोधडी रक्तानं भिजली होती. मी पोटाला कान लावला. बाळाचे ठोके होते. मंद, पण होते.

निकिता : मग?

कुसाबाई : वार, म्हणजे बाळाला रक्त पोचवते ती, आधीच सुटली होती. दवाखान्यात नेल्याशिवाय इलाज नव्हता. मी म्हटलं, बैलगाडी जुंपा. सासू म्हणाली, गाडी गावाला गेलीय, संध्याकाळी येईल. नवरा खाली मान घालून उभा. फोन नाही, जीप नाही. मग मी लशीचा डबा काढून ठेवला आणि गोजराला कॅरिअरवर बसवलं. लुगड्यानं सीटला बांधली. मी हँडल धरलं, भागीबाईनं मागून तिला धरलं. चालत निघालो पाटाच्या कडेनं. सहा किलोमीटरवर डांबरी रस्ता, तिथे गाडी मिळेल म्हणून.

निकिता : आणि मिळाली?

कुसाबाई : मिळाली, पण उशिरा. त्या पुलाशीच गोजराची शुद्ध गेली. तिला खाली घेतली आणि तिथंच बाळंत केलं. बाळ रडलं नाही. मी तोंडातून श्वास दिला, पाठ चोळली, पाटाच्या पाण्यात हात बुडवून पुन्हा चोळली. नाहीच. मग टॉवेलमध्ये गुंडाळून भागीबाईकडे दिलं आणि वाटेतल्या एका माणसाला मागून धरायला लावून गोजराला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. ती वाचली.

निकिता : तू वाचवलंस तिला.

कुसाबाई : आठ दिवसांनी मी तपासायला आले, तर गोजरा दारात उभी होती. म्हणाली, तुमच्या सायकलच्या धक्क्यानं माझं लेकरू गेलं. पुन्हा माझ्या दारात येऊ नका. मी उलटून काय बोलणार? तिचं चुकीचं आहे असं मलाच वाटत नव्हतं. गाडी असती तर ती आडवी झोपून गेली असती. मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर ती मेली असती, हेही मला माहीत होतं. दोन्ही माहीत असून उपयोग होत नाही. सायकल विकली. कळवणला बदली मागितली.

निकिता : मला सांगितलं होतंस, तिथली शाळा चांगली आहे म्हणून.

कुसाबाई : शाळा चांगलीच होती.

निकिता : आणि या ट्रिपला हो का म्हणालीस? पाटानं जाऊ असं तूच म्हणालीस.

कुसाबाई : गुडघे चालतायत तोवर एकदा या वाटेनं जावं असं वाटलं. पुलावरून जाऊ, थांबायचं नाही, असं ठरवलं होतं. होत नाहीये.

निकिता : मग खाली जाऊ या.

कुसाबाई : जाऊन काय बोलू? दारात येऊ नका म्हणालीय ती.

निकिता : तेहेतीस वर्षांपूर्वी. आपण पाणी मागू. ती नसेल तर पाणी पिऊन निघू. असेल तर तुला जे वाटेल ते बोल, नाहीतर बोलू नकोस. मी आहे.

(दोघी सायकली ढकलत भराव उतरतात. केळीमागे पत्र्याचं घर. ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली आहे.)

निकिता : मावशी, प्यायला पाणी मिळेल का?

गोजराबाई : या की. सायकलीवर कुठं निघाल्या या उन्हाच्या? ह्या पाटावर हल्ली लय लोक येत्यात पक्षी बघाया. टोप्या घालून.

निकिता : आम्ही असंच फिरतोय. ही माझी आई.

गोजराबाई : बसा आजी. पान्याचा तांब्या घ्या. गार हाय, माठातलं.

कुसाबाई : बरी आहेस का गोजरा?

गोजराबाई : ...आवाज वळखीचा हाय. चष्मा काढा बरं. नर्सबाई?

कुसाबाई : हो. तू येऊ नको म्हणाली होतीस. तरी आले.

गोजराबाई : खाली नका बसू, धूळ हाय. थांबा, सतरंजी आनते.

कुसाबाई : राहू दे सतरंजी. मी जास्त वेळ नाही बसणार. मला एवढंच सांगायचं होतं, की मला दुसरं काही सुचलं नाही तेव्हा. चुकलं असेल तर—

गोजराबाई : नर्सबाई, जरा गप ऱ्हावा. मला बोलू द्या. मालक जाऊन चार वर्सं झाली. सासू त्याच्या आधी गेली. आता घरात मला कुनी अडवायला नाय. तुमाला शोधावं असं मनात लय यायचं. आरोग्य केंद्रात एकदा इचारलं, तर म्हन्ले, बदली झाली, ठावं नाय.

कुसाबाई : काय बोलायचं होतं?

गोजराबाई : गाडी घरातच व्हती.

कुसाबाई : कुठली गाडी?

गोजराबाई : बैलगाडी. गोठ्यामागं उभी व्हती. बैल बांधलेलं व्हतं. नवी गाडी, रंग दिलेली. दुसऱ्या दिवशी देवाला न्यायची व्हती. सासू म्हन्ली, बाळंतिनीचा विटाळ व्हईल. मालक तिच्या पुढं बोलंनात. मी आत पडले व्हते, सगळं ऐकू येत व्हतं. तुमी इचारलं आन ती म्हन्ली गावाला गेली. मला ठावं व्हतं खोटं हाय. मी बोलले नाय.

निकिता : म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि तरी तुम्ही आईला दारातून—

कुसाबाई : निकिता, गप्प बस.

गोजराबाई : बोलू द्या तिला, खरं हाय ते. म्हन्ले मी. सासूनं नाय सांगितलं म्हनायला, माझी मीच म्हन्ले. कुनावर तरी राग काढायचा व्हता मला. घरातल्यांवर काढून राहनार कुठं? तुमी बाहेरच्या. तुमी सायकल फिरवून निघून गेल्या, तवा मी दारामागं बसले. तुमी मागं बघितलं असतं तर मी हाक मारली असती असं मला वाटायचं. आता वाटतं, तरी नसती मारली.

कुसाबाई : मी बघितलं नाही मागे.

गोजराबाई : नाय.

कुसाबाई : गोठ्यामागे. म्हणजे मी तुला बांधत होते, तेव्हा दहा पावलांवर.

गोजराबाई : हा. राग करा माझा. शिव्या द्या. मी ऐकून घीन.

कुसाबाई : राग येतोय. खोटं कशाला बोलू? तेहेतीस वर्षं मी मनात ती वाट चालले, दर वेळी दुसरीकडून. कधी भागीबाईला पुढे पळवलं, कधी शेजारच्या मळ्यातून गाडी आणली. इथल्याच गोठ्यामागे जाऊन बघावं, हे नाही सुचलं. पण तुझा नाही येत राग. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि अंगात रक्त उरलं नव्हतं. तू काय बोलणार होतीस?

गोजराबाई : तसं कुनी म्हन्लं नाय मला आजवर.

निकिता : मावशी, मी मघाशी तोडून बोलले. चुकलं.

गोजराबाई : नाय गं पोरी. आईची बाजू नाय घ्यायची तर कुनाची घ्यायची? मला नंतर दोन पोरं झाली. थोरला नाशकाला हाय, धाकटा हितं मळ्यात. चांगली हायेत. पन पोरगी नाय झाली.

कुसाबाई : दवाखान्यात झाली का पोरं?

गोजराबाई : दोन्ही. तवा मी हट्ट धरला. जीप सांगा, नाय तर माहेरी जाते म्हन्ले. सासू महिनाभर बोलत नव्हती.

कुसाबाई : बरं केलंस.

गोजराबाई : नर्सबाई, एक इचारू? दुसरं कुनी उरलं नाय इचारायला. भागीबाई बी गेली. मला सुद नव्हती. जाग आली तवर मालकानं पुरून टाकलं व्हतं. मला कुनी दाखवलंच नाय. सासू रागात असली की म्हनायची पोरगा व्हता, एरवी म्हनायची पोरगी. काय व्हतं?

कुसाबाई : मुलगी होती.

गोजराबाई : पोरगी.

कुसाबाई : हो.

गोजराबाई : पुरी झालेली व्हती का? का आर्धवट?

कुसाबाई : पूर्ण वाढलेली. हातापायाची नखंसुद्धा होती. मी टॉवेलमध्ये घेण्याआधी नीट पुसून काढलं होतं तिला.

गोजराबाई : तोंड कसं व्हतं?

कुसाबाई : गोल. हनुवटी तुझी. आणि केस खूप होते गोजरा, कानांच्या खालपर्यंत. कोरडे झाल्यावर कुरळे झाले.