प्रूफवर माझी सही आहे

आदरणीय सभाध्यक्ष आणि परभणीतल्या आम्हा सगळ्या छापखानेवाल्यांचे वडीलधारे योगीराजकाका. मंचावर बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती संघप्रियाताई. त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेले त्यांचे यजमान, पूर्णा जंक्शनवर रेल्वेत नोकरीला असलेले धम्मानंदजी. समोरचे मुद्रक बंधू, कागदवाले, गावोगावचे पत्रिकांचे एजंट आणि मागच्या रांगेतल्या माताभगिनींनो, मी बन्सीधर, ताई ज्या छापखान्यात काम करतात त्याचा मालक, आपणा सर्वांना सविनय नमस्कार आणि जय भीम करतो.

नावं कागदावर लिहून आणलीत बरं का. बत्तीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय. नावांचा क्रम चुकला की मांडवात काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. एका पत्रिकेत धाकट्या काकाचं नाव थोरल्याच्या वर गेलं, तर थोरले काका जेवायलाच बसले नाहीत.

ताईंविषयी बोलायचं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एके दिवशी ताई सकाळच्या गाडीनं पूर्णेहून आल्या आणि म्हणाल्या, "काका, टायपिंग येतं. काम बघा, मग ठेवायचं का ते ठरवा." मी एक पत्रिका करायला दिली. त्यांनी ती केलीच, वर माझीच चूक दाखवली. मी तारीख बुधवारची दिली होती आणि वार गुरुवार. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. ज्यानं मजकूर जुळवला त्यानं स्वतःचं प्रूफ पास करायचं नाही. दुसऱ्यानं वाचायचं आणि खाली सही करायची. सही ज्याची, चूक त्याची. हा नियम ध्यानात असू द्या मंडळी, पुढं लागणार आहे.

पुढं सगळं फोनवर आलं. काउंटरवर छापखान्याचा एक फोन असायचा, तो आम्ही दोघं वापरायचो. ताईंनी भिंतीवर कागद चिकटवला: 'फाईल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. फोन काही इन्स्टॉल करू का असं विचारत असेल, तर ती पत्रिका नव्हे.' दर शनिवारी सगळं काम वेगळ्या डिस्कवर उतरवायच्या, वायर काढायच्या आणि डिस्क कपाटात कुलपात ठेवायच्या. मी हसायचो. "ताई, आपली काय बँक हाय का? चोराला आपल्याकडं काय सापडणार, पत्रिकेवर छापायचा गणपतीचा ब्लॉक?" त्या म्हणायच्या, "काका, चोराला आपलं काय बी नको. आपल्यापाशी बाराशे लोकांचे नंबर हायेत, आन् ते लोक आपल्यावर भरोसा ठेवतेत."

आता माझी खोड सांगतो. पत्रिका दिसली की ती कुणी छापली हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. मांडवात गेलो तरी आधी पत्रिका उलटून छापखान्याचं नाव वाचणार, मग चुका शोधणार, नवरा-नवरीकडं नंतर बघणार. हसा, हसण्यासारखंच आहे. दीड वर्षापूर्वी भर लग्नसराईत, दुपारच्या वेळी, ताई बँकेत गेल्या होत्या. फोनवर एक पत्रिका आली, ओळखीच्याच नंबरवरून. फोननं विचारलं, इन्स्टॉल करू का? मी 'हो' दाबलं. मेसेज वाचायची परवानगी देता का? त्यालाही 'हो'. पत्रिका काही उघडेना. मी फोन ठेवला आणि चहा सांगितला. डोक्यात एकच, हे गिऱ्हाईक आपल्या हातून सुटलं कसं!

संध्याकाळपर्यंत तीच खोटी पत्रिका आमच्या नंबरवरून आपोआप बाराशे लोकांना गेली. छापखान्याकडून आलीय म्हटल्यावर कोण शंका घेणार? झरीचे लिंबाजीराव इथंच बसलेत. त्यांच्या मुलीची पत्रिका आमच्याकडं छापायला होती. त्यांनी फाईल उघडली आणि लग्नासाठी ठेवलेले पैसे खात्यातून गेले. ताईंनी आमच्या फोनचं सिम काढलं, कॉम्प्युटरचं नेट तोडलं, शेजारच्या दुकानातून एकेका गिऱ्हाइकाला फोन करून उघडू नका म्हणून सांगितलं. लिंबाजीरावांना सायबर फसवणुकीचा १९३० नंबर लावून तक्रार नोंदवायला लावली, म्हणून निम्मी रक्कम तरी अडली. खबरदारी म्हणून कॉम्प्युटरही पुसून नव्यानं बसवला, तेव्हा त्या कपाटातल्या डिस्कमुळं एकाही लग्नाची पत्रिका थांबली नाही.

आणि मालकानं काय केलं?

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं लोक जमले. मी ताईंना म्हणालो, एक सूचना टाईप करा, शटरवर लावू. मजकूर मी सांगितला: 'आमच्या ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला, तरी क्षमस्व.' त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी टेबलाकडं बघितलं. मग त्यांनी टाईप केलं, प्रिंट काढली आणि नियमाप्रमाणं माझ्यापुढं ठेवली. "काका, वाचून सही करा." मी वाचलं. एक अनुस्वार राहिला होता, तो लाल पेनानं टाकला आणि खाली सही केली. एवढं धादांत खोटं लिहिलेलं, आणि मला चूक सापडली ती अनुस्वाराची!

लिंबाजीराव तो कागद वाचून आत आले. दहा गिऱ्हाइकांपुढं ताईंना म्हणाले, "बाई, अक्कल हाय का तुला? माज्या लेकीच्या लग्नाचा पार इस्कोट केलास!" मी आत केबिनमध्ये पंख्याखाली बसलो होतो, शब्द न् शब्द ऐकत. चार पावलं चालून बाहेर यायचं होतं. आलो नाही. आणखी एक कबूल करतो. त्या कागदावर सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझ्यापेक्षा ताईंच्या नावावर दोष लवकर चिकटेल, हे मला ठाऊक होतं. का चिकटेल तेही ठाऊक होतं, आणि या सभागृहात ते कुणाला समजावून सांगायची गरज नाही. लाज वाटते मला.

आता ताई पूर्णेला स्टेशनजवळ स्वतःचं डीटीपी सेंटर काढतायत, पुढच्या रविवारी उद्घाटन आहे. मी हौसेनं हा समारंभ ठरवला. तेवढ्यात चारठाण्याचे एजंट नागेश यांचा फोन आला. "भाऊ, त्या ताईकडं काम द्यावं का? व्हायरसवाल्या त्याच ना? आमी सगळे एजंट तुमालाच इचारून ठरवू म्हणलं." मंडळी, तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? मी म्हणालो, "बघा बुवा, तुमचं तुमी." तुम्ही एजंटांनी काम दिलं नाही, तर ताईंचं दुकान उघडायच्या आधीच बसलं. हे कळत असून मी असं बोललो.

परवा सकाळी मी ताईंना विचारलं, "त्या दिवशी फाईल कुणी उघडली, तुमाला म्हाईत होतं?"

"होतं की. उघडल्याची येळ फोनात दिसायली होती. तवा मी बँकेत होते."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघायलेय, काका."

दीड वर्ष! रोज समोर बसून, मला चहा विचारून, ही बाई वाट बघत होती. मला माझीच किळस आली.

योगीराजकाका, मघापासून तुम्ही शाल-नारळाकडं खुणा करताय, दिसतंय मला. शाल जरा थांबू द्या. आधी हा कागद वाचतो. 'दीड वर्षापूर्वी आमच्या नंबरवरून गेलेली खोटी पत्रिका मी, मालक बन्सीधर, याने स्वतः उघडली. संघप्रियाताईंचा त्यात काहीही दोष नव्हता. नुकसान आवरलं ते त्यांनी. शटरवरची सूचना खोटी होती, आणि सही करताना मला ते माहीत होतं.' उद्या हा कागद त्याच शटरवर लागेल आणि त्या बाराशे नंबरांवर साधा मजकूर म्हणून जाईल, फाईल म्हणून नाही. लिंबाजीराव, तुमचं राहिलेलं नुकसान माझ्याकडं लागलं. आणि त्या दिवशी ताईंना जे बोललात, ते सगळं आज मला बोला, मी ऐकून घेईन. नागेशराव, तुम्हाला उत्तर मिळालं ना?

हॉल देणाऱ्यांचे, मांडणी करणाऱ्या पोरांचे, चहा करणाऱ्या मावशींचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते पदरात घ्या. त्या दुसऱ्या गोष्टीची माफी मात्र तुमच्यापैकी कुणी देऊ नका. ती तुमच्या हातात नाही. टाळ्याही नकोत.

हा मजकूर मी एका बोटानं स्वतः जुळवलाय. त्यामुळं आपल्या नियमानं तो मला पास करता येत नाही. ताई, हे प्रूफ घ्या, हे लाल पेन. सावकाश वाचा. कुठं मी स्वतःला सांभाळून घेतलेलं दिसलं, तर तिथं खूण करा. तुमचं वाचून होईपर्यंत मी इथं उभा आहे.