एक ते दहा

— तर सही हवी आहे. बस की, उभी का? खुर्ची हलते, पण पडत नाही. दहा आठवडे झाले, विद्यापीठाने दिलेली नोंदवही भरली, आता सरांनी खाली सही ठोकायची आणि तुम्ही शिक्षक होऊन बाहेर पडायचं — सोपं आहे. आमच्या वेळी… जाऊ दे, आमच्या वेळचं ऐकताना तुम्ही लोक घड्याळ बघता.

दरवर्षी येता तुम्ही. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, आणि वर्गात शिरल्या शिरल्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचं — खुर्ची असते हं, पण खुर्चीवर बसलं की मुलं लांबची वाटतात, असं तुम्हाला कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. मागच्या वर्षीचा तो हेडफोनवाला. पोरांनी माउस उलटा धरला तरी ह्याचं आपलं 'छान प्रयत्न'. त्याच्या आधीची एक, तिला मी व्वा-व्वाबाई म्हणायचो — बरोबर उत्तराला व्वा, चूक उत्तराला व्वा, एकाने 'बाहेर जाऊ का' विचारलं तर त्यालाही व्वा. शिकवणं म्हणजे काय, वाढदिवस आहे? आणि तू. तू व्वा करत नव्हतीस, हे मान्य. तू तर फारसं बोलतच नाहीस.

दाखव वही. अक्षर बरं आहे. पहिला आठवडा — 'सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहितात, मुलं वहीत उतरवतात, उत्तरही वहीतच लिहितात. संगणकांवर कव्हरं घातलेली आहेत.' आहेतच मुळी. बारा संगणक, अठ्ठेचाळीस कार्टी, आणि एक बिघडला की तीन अर्ज. वहीतला प्रोग्रॅम बिघडत नाही, वीज गेली तरी चालतो. आणि मी काही हे आईच्या पोटातून शिकून आलो नव्हतो, मी टंकलेखनाचा मास्तर. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, ह्या संगणकालाही तीच अक्षरं आहेत, तुम्हीच घ्या. घेतलं. कुणाचं तरी पुस्तक मागून आणलं, प्रोग्रॅम उतरवून काढले आणि… भागवलं. अकरा वर्षं.

तिसरा आठवडा, मंगळवार. हं. 'आज मुलांनी प्रथमच संगणकावर प्रोग्रॅम चालवून पाहिला. तास सुरळीत झाला.'

सुरळीत?

एक ते दहा आकडे दाखवायचे, एवढासा प्रोग्रॅम. कव्हरं तू काढलीस, मला विचारलंसुद्धा नाहीस — विचारलंस? बरं, विचारलंस, मीच मान हलवली. आणि बाराही पडद्यांवर एक, एक, एक, एक — खाली खाली पळतायत, थांबायचं नाव नाही. पोरं बाकांवर चढली. पुढची ती दोन वेण्यांची म्हणते, सर, दोन कधी येणार? आणि तू काय म्हणालीस? 'माझी चूक झाली, माझ्याकडून एक ओळ सांगायची राहिली.' तुझी? फळ्यावर अक्षर कुणाचं होतं? आकडा एकाने वाढवायची ओळच नव्हती तिथे. पुस्तकातून उतरवताना सुटली असणार — टंकलेखनाच्या वर्गात कुणाची एक ओळ सुटली की मी अख्खं पान फाडायचो, त्याच्यासमोर. आणि इथे दरवर्षी अठ्ठेचाळीस वह्यांत तोच प्रोग्रॅम, खाली उत्तर 'एक ते दहा', आणि शेजारी माझी लाल खूण, दहापैकी दहा. एकाही कार्ट्याला शंका आली नाही. मला तरी कुठे आली.

तुला कुणी सांगितलं होतं मला सांभाळून घ्यायला? वीस वर्षांची पोर, आणि माझ्याच वर्गात माझ्यावर पांघरूण घालते. पुढच्या मंगळवारी कव्हरं परत घातली ती म्हणूनच. धूळ बसते म्हणालो तुला, पण धूळ वगैरे काही नाही. सात आठवडे तुला मागच्या बाकावर बसवून वह्या तपासायला लावल्या, त्याही म्हणूनच. तू आपली तपासत राहिलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. आणि ते आकडे पळाले त्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मी थांबलो होतो. शिपायाला म्हटलं, किल्ली राहू दे. ती ओळ घातली, चालवला. दहावर थांबला. परत चालवला, परत थांबला. सहा-सात वेळा तरी… ते वहीत घ्यायचं कारण नाही.

तर ह्या पानावर मी सही करणार नाही. खोटं आहे ते. नवीन पान काढ. लिही — तिसरा आठवडा, मंगळवार. प्रोग्रॅम थांबला नाही, कारण एक ओळ नव्हती. लिहिलंस? पुढे. ती ओळ नव्हती, कारण —

कारण…

आण इकडे वही. हे बघ, तीन ओळींची जागा सोडली, आणि खाली ही सही. शिक्काही घे. मधे काय भरायचं ते बाहेर जाऊन भर. मला दाखवायला आणू नकोस. तुमचे विद्यापीठवाले वाचतील, काय म्हणायचं ते म्हणतील. आता बघतेस काय माझ्याकडे? ऊठ. नववीची पोरं येतील एवढ्यात, आणि ती यायच्या आत मला फळ्यावर तो प्रोग्रॅम पुरा लिहायचाय. जा.